सोमवारी बांधलेली होडी

१

पंपवाल्या रामकिसनला पोहता येत नव्हतं, हे 'जलमौज' वॉटर पार्कमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सोमवारी सकाळी त्याचं प्रेत सापडलं ते तळ्याच्या मधोमध, जॅकवेलच्या पायथ्याशी. जॅकवेल म्हणजे पाण्यातच बांधलेली काँक्रीटची गोल विहीर. वर पंपाची खोली, भोवती अरुंद कट्टा. तिथवर जायचं तर होडीशिवाय इलाज नाही. आणि होडी तर काठाला बांधलेली होती!

म्हणजे रामकिसनला तिथे टाकून कुणीतरी होडी घेऊन परत आलं होतं. एवढं आमच्या साहेबांनाही कळलं. ते म्हणाले, "तळ्याकाठी राहतो कोण? रखवालदार. रविवारी भर गर्दीत रामकिसनला 'याच तळ्यात बुडवीन तुला' म्हणाला कोण? रखवालदार. घाला आत." आणि जिवल्याला आत घातला. तपास संपला, चहा मागवला.

मी चंद्रकांता तामोरे. चौऱ्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात मी त्या ठाण्यात फौजदार होते. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसं अजून जिवंत आहेत. बाई फौजदार म्हणजे साहेबांच्या लेखी बायकांची भांडणं सोडवायला ठेवलेलं माणूस. मी आलेवाडीच्या मच्छीमाराची पोर, तोंडाची तिखट, त्यामुळे आमचं दोघांचं फार काही जमायचं नाही.

मंगळवारी सकाळी ठाण्यात आले तर जिवल्याची बायको चिमी पायरीवर बसलेली, मांडीवर तापानं फणफणलेली त्यांची पोर, सोमी. मला बघून चिमी नुसती उठून उभी राहिली. मला तेच सहन होत नाही, माणसं काही न मागता उभी राहतात ते.

आत गेले. जिवल्याचा ओठ फाटला होता.

"बाय, मी नाय केला," तो म्हणाला. "मीच पयला त्याला बगला पान्यात, मीच बोंब मारली."

"बुडवीन म्हणालास की नाही?"

"म्हनालू. पंप चालवून चालवून पाड्याची हीर सुकवली त्यानं. राग आला, म्हनालू."

"होडी कुणी बांधली?"

"मी नाय बांधत. मी होडी ओढून वर घेतो नि पालथी घालतो."

साहेब दारातून म्हणाले, "उद्या कोर्टात न्यायचाय त्याला. संध्याकाळपर्यंत अंगठा घेऊन टाका." कबुलीजबाब लिहून तयार होता.

"साहेब, मी एकदा तळ्यावर जाऊन येते."

"जा. घसरगुंडीवर खेळून या," ते म्हणाले. हवालदार हसले. मी जीप काढायला लावली.

२

त्या जागेचं थोडं सांगते. 'जलमौज' आता बंद पडलंय, घसरगुंड्यांवर शेवाळ चढलंय, आणि नव्या पोरांना वाटतं ते पहिल्यापासून असंच भकास होतं.

पाम गाव सोडून वाणगावच्या अंगाला गेलं की बोरीचं तळं लागतं. मुळात ते तळं नव्हतंच, खाचरं होती. बहात्तरच्या दुष्काळात बांध घातला, पाणी अडलं आणि जिवल्याच्या बापाचं शेत तळाशी गेलं. पाण्यानं पाडा हिरवा होईल असं तेव्हा सांगितलं होतं. मग बोइसरला कारखाने वाढले, अणुकेंद्रात साहेबलोक आले, त्यांना रविवारी जायला जागा हवी झाली. वामनशेठ ठेकेदारानं तळ्यात दोन होड्या सोडल्या, मग चहाची टपरी टाकली, मग भाड्यानं काठ घेतला. एक्याण्णव साली निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या उभ्या राहिल्या, लाटांचा हौद झाला आणि ते सगळं भरायला तळ्यात जॅकवेल झाली. जिवल्या आपल्याच बापाच्या शेतावर रखवालदार लागला.

वामनशेठ फाटकातच भेटले. पांढरा सफारी, कपाळाला आठ्या.

"मॅडम, रविवारपर्यंत मोकळं करा हो. सुट्ट्यांचे दिवस आहेत. गेल्या वर्षी तो दादू, आता हा. लोक काय म्हणतील!"

"कोण दादू?"

"घिवलीचा पोर. बुडणाऱ्यांना वाचवायला ठेवला होता, तोच बुडाला. तिथंच, जॅकवेलपाशी. दारू प्यायला होता. तसं लिहिलंय तुमच्याच लोकांनी."

माझ्या मनात काहीतरी टोचलं, पण आधी मला होडी बघायची होती. एकाच ठिकाणी दोन माणसं मेली की पोलिसानं थांबावं, पण साहेब अपघात म्हणाले की आमच्याकडे कुणी थांबत नाही.

धक्क्यावर पायानं चालवायच्या होड्या रांगेत होत्या. एकेक गळ्याशी आवळून, आखूड दोरानं लोखंडी कड्याला बांधलेली. रामकिसनची वल्ह्याची होडी मात्र त्या रांगेत नव्हती. पंचनाम्याच्या वेळी कुणी हात लावू नका म्हटल्यामुळे ती सोमवारची तशीच होती. बांधलेली होती शेवटच्या कड्याला, पण होती कुठे? पार लांब, घसरगुंडीच्या खांबांमध्ये, जलपर्णीत नाक खुपसून. दोर एवढा लांब सोडला होता की वाऱ्यानं ती मन मानेल तिकडे हिंडत होती.

आमचा हवालदार म्हणाला, "कुणीतरी घाईत बांधली, बाई."

"घाईत? गाठ बघ." गाठ पक्की होती, दुहेरी, बोटांनी सहज न सुटणारी. घाई करणारा गाठीत घाई करतो, दोर सोडण्यात नाही.

मी तिथेच पायऱ्यांवर बसले. तसा लांब सोडलेला दोर मी लहानपणापासून बघितला होता. समुद्राला भरती-ओहोटी असते. होडी आखूड बांधली तर ओहोटीला ती लटकते आणि भरतीला नाक खाली जाऊन पाणी घेते. म्हणून दोर लांब सोडायचा, पाणी चढेल-उतरेल तशी होडी हलली पाहिजे. आमच्या गावात हे कुणी शिकवत नाही, हाताला लागलेलं असतं. पण तळ्याला कसली आलीये भरती? तळ्याकाठच्या माणसाला लांब दोर सुचणारच नाही. तो आवळून बांधतो, नाहीतर जिवल्यासारखी ओढून वर काढतो.

होडी परत आणणारं माणूस समुद्राचं होतं. आणि 'जलमौज'मध्ये समुद्राचा माणूस एकच उरला होता.

३

त्याचं नाव नवशा. दादूचा जिगरी दोस्त, त्याच्याच बरोबर घिवलीहून बुडणाऱ्यांना वाचवायच्या नोकरीला आलेला. तो हौदापाशी शिट्टी गळ्यात घालून बसला होता. सोमवारी पार्क बंद असतं, हौद धुतात, गिऱ्हाईक नसतं; त्या आठवड्यात ते मंगळवारीही बंदच होतं. त्याला बोलावण्याआधी मी भटारखान्यात गेले, कारण कुठल्याही जागेची खरी खबर चुलीपाशी मिळते.

चिंतू आचारी भांडी घासत होता. बोलायला मोकळा, पण भेदरलेला.

"काल कोण कोण होतं रे?"

"मी, जिवल्या, रामकिसनभय्या. नवशा मागनं आला. शेठ दुपारी. बाकी कोन नाय."

"बाहेरचं कुणी आलं नाही?"

"कोन नाय, बाय. बंदच होता ना."

कोपऱ्यात टोप झाकलेला होता. मी झाकण उचललं. काल सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं असणार, जेवण तसंच राहिलं होतं. बोंबलाचं कालवण. आंबलं होतं, पण बोंबील अख्खे होते, विरघळले नव्हते. ओला बोंबील म्हणजे काय नाजूक प्रकार! सकाळी आणला तर सकाळीच शिजवावा लागतो, रात्रभर ठेवला तर हाताला लागत नाही.

"चिंतू, हे बोंबील कधीचे?"

"कालचेच."

"सोमवारी गिऱ्हाईक नाही, मग सोमवारी मावरं कुणी आणलं?"

"नलूमावशीनं आनलं. ती रोजच आनते..." आणि तो थांबला. "पन ती सोमवारची नाय येत."

"आत्ता तर म्हणालास, कोण नाय आलं!"

"बाय, ती काय... ती मावरंवाली. ती आली म्हंजे कोन आला असा कोन म्हनतो?" त्याच्या तोंडावर खरंच आश्चर्य होतं. "बोलली, वरीस हाय म्हनून आली. मावरं फुकट दिला. बोलली, पोराच्या नावानं खावा."

"कुणाचं वरीस?"

"दादूचा. नलूमावशी दादूची आय ना."

मी कपाळावर हात मारला. पोर ज्या तळ्यात गेला, त्याच तळ्याकाठी बाई वर्षभर मासे पोचवत होती! आणि ते इथल्या कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. नवशा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"बाय, उगा शोधू नका," तो म्हणाला. "रामकिसनला मी मारला."

४

हवालदार लगेच बेडी काढायला लागला. मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"का मारलास?"

"दादूला त्यानं मारला. दादू पंपाच्या तोंडच्या जाळीतला पाला काढायला खाली गेलता. जाळी उघडी होती. वरनं ह्यानं पंप चालू केला, पंपानं धरून ठेवला त्याला. दारू कसली नि काय कसली! दादू दारूच्या वाऱ्याला उभा ऱ्हायचा नाय."

"तू बघितलंस?"

त्यानं मान खाली घातली. "नाय. मी हौदावर होतो. पन माला माहीत हाय."

"बरं. काल रामकिसनला बुडवलंस, मग होडी घेऊन आलास. बांधलीस?"

"मीच बांधली."

"चल, दाखव."

धक्क्यावर आलो. मी पायानं चालवायची एक होडी सोडायला लावली आणि दोर त्याच्या हातात दिला. "बांध. आणि बांधता बांधता सांग, दादूची आणि तुझी ओळख कधीची?"

तो सांगायला लागला. शाळेतून दोघं कसे पळायचे, पहिली होडी कशी चोरून नेली. बोलता बोलता डोळे भरून आले आणि हात आपलं काम करत राहिले. बोलणं संपलं तेव्हा होडी कड्याला गळ्याशी आवळून बांधलेली होती, रांगेतल्या बाकीच्या होड्यांसारखीच.

"हे बघ," मी म्हटलं. "तळ्यावर राहून तुझा हात बदललाय. ती तिकडची तू बांधलेली नाहीस. ती बांधली समुद्राच्या माणसानं, ज्यानं तळ्यावर कधी होडी बांधलेलीच नाही."

नवशानं हातातला दोर टाकला. "काल आलो तेवा बगितला दोर. लगीच समजलो. जाऊन आवळनार होतो, तवर जिवल्यानं बोंब मारली." मग माझे पाय धरायला आला. "बाय, माला घ्या. मावशीला पुढं-मागं कोन नाय."

"आणि जिवल्याला? त्याच्या पोरीला ताप आहे, ती ठाण्याच्या पायरीवर पडलीय. तुझ्या मावशीला वाचवायला त्याला लटकवू?"

मी ओरडलेच. राग त्याच्यावर नव्हता. मला कळून चुकलं होतं, आता पुढं जाणं माझ्याच नशिबी आहे.

५

घिवलीच्या किनाऱ्यावर दुपारी ऊन मी म्हणत होतं. बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले, पलीकडे अणुकेंद्राच्या इमारती. एक होडी नुकतीच लागत होती. आमच्याकडे होडी लागली की पुरुष जाळ्याला लागतात आणि दोर बायकांच्या हातात येतो. एका पन्नाशीच्या बाईनं फेकलेला दोर झेलला, दगडाला दुहेरी गाठ मारली आणि उरलेला दोर भरपूर लांब सोडून दिला. मागे वळली तर समोर मी, अंगावर खाकी.

तिनं माझ्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं.

"तुमी आलेवाडीच्या ना?" ती म्हणाली. "बसा. पानी देऊ?"

मला विचारायला तोंड उघडावंच लागलं नाही. नलूमावशी वाळूत बसली आणि सांगायला लागली, पदरानं तोंडाचा घाम टिपत.

"पोराचं वरीस होतं. जिथं गेला तिथं नारळ सोडायचा होता. रामकिसनला बोलले, माला ने. नाय म्हनाला नाय तो. सकाळीच गुमान होडीत बसवलं. कट्ट्यावर उतरलो. नारळ सोडला. वल्हं हातात घेऊन मी उभी. तवा तो रडाया लागला."

"रामकिसन?"

"हां. बोलला, 'मावशी, स्विच मैंने दबाया था. सेठ चिल्ला रहे थे, हौद में पानी नहीं है. मैंने देखा नहीं, वो नीचे है.' बोलला, 'दारू की बोतल हमने रखी कपड़ों के पास.' बोलला, 'तुम जहाँ बोलोगी, वहाँ मैं ये बोल दूँगा.' आनि माज्या पाया पडाया वाकला."

तिनं पदर पुन्हा तोंडावर फिरवला.

"मी पाय मागं घेतला, बाय. त्याचा हात माज्या पायाला लागू नये म्हनून. येवढंच. तो घसरला, डोकं पायपावर आपटलं नि पान्यात गेला. मग वर आला. हात वर केला. वल्हं माज्या हातात होतं."

"मग?"

"नाय दिलं."

समोरची होडी पाण्यावर सावकाश हलत होती. फौजदार म्हणून तोंडात आलं ते अगदीच कोरडं होतं, आणि बाई म्हणून आलं ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मावशी, जिवल्याला धरलाय," मी एवढंच म्हटलं.

ती ताडकन उठली. "जिवल्याला? त्यानं काय केला? दादूला पान्यातनं त्यानंच बाहेर काडलेला!" हातातली पाटी तिथेच टाकली, साडी झटकली. "चला. माला धरा. कोरटात उभी करा. तितं मी समदं सांगते. माजा पोर दारू प्यायलेला नवता, हे मी भर कोरटात सांगते."

जीपमध्ये ती पुढं वाकून बसली होती, लवकर पोचावं म्हणून. अटक व्हायला इतकं आतुर माणूस मी पुढं नोकरीभर पाहिलं नाही.

६

साहेबांच्या खोलीत वामनशेठ बसले होते. मी सगळं सांगितलं: दोर, बोंबील, नवशाचा हात, नलूमावशीचं म्हणणं. दादूचं नाव आलं तशी शेठनं कप खाली ठेवला.

साहेब ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"तामोरेबाई, शाब्बास. डोकं चालवलंत. म्हणजे म्हातारीनं ढकललं नाही?"

"नाही, साहेब. पण हात दिला नाही."

"तो घसरला. शेवाळ होतं. मग हा अपघात झाला."

"आणि होडी? ती काठाला बांधलेली होती!"

"कोण म्हणतो बांधलेली होती? सुटली, वाऱ्यानं काठाला आली. पंचनामा काय, दुसरा करता येतो." ते माझ्याकडे समजुतीनं बघत म्हणाले, "जिवल्याला सोडा. म्हातारीला घरी पाठवा. सगळे सुटले. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"दादूचं काय? त्याचा कागद पुन्हा उघडा."

"कशावर उघडू? पंप चालू केला असं म्हणणारा कोण? रामकिसन. बाटली ठेवली म्हणणारा कोण? रामकिसन. त्याला आणा माझ्यासमोर, आत्ता उघडतो."

मी शेठकडे बघितलं. ते नखं बघत होते. मी खूप बोलले, नको तेही बोलले. नंतर माझी बदली झाली ती त्या बोलण्यानं. पण रामकिसनला मी त्यांच्यासमोर आणू शकत नव्हते आणि ते त्यांना ठाऊक होतं.

जिवल्या सुटला. सोमीला खांद्यावर टाकून चिमीच्या मागून निघाला, मागे वळूनही बघितलं नाही. त्याच आठवड्यात शेठनं त्याला कामावरून काढलं आणि काठावरची झोपडी मोडायला लावली. रविवारी पार्क उघडलं. पंप चालू झाला, हौद भरले, तोबा गर्दी झाली.

नलूमावशी संध्याकाळी ठाण्याच्या बाकावर बसून होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले.

"कवा लिवून घेनार?" तिनं विचारलं.

"मावशी, घरी जा. तुला धरत नाहीत."

"धरत नाय?" तिला कळेचना. "अगं, मानूस मेला ना माज्यासमोर! धरत नाय म्हंजे? मग मी कोरटात कशी जानार? दादूचं कोन सांगनार?"

मी तिला समजावलं. हळू, एकेक शब्द. की तिचं ऐकीव धरणार नाहीत. ज्यानं केलं, त्यानंच बोलायला हवं होतं. मग तिचा चेहरा हळूहळू पडत गेला आणि मला वाटलं, देवा, मी का सांगायला बसले!

"बाय," ती म्हणाली, "मी वल्हं दिलं असतं, तर तो बोलला असता ना कोरटात?"

"नसता बोलला," मी म्हटलं. "भीतीनं रडत होता, मावशी. काठावर आल्यावर पलटला असता. असली माणसं बोलत नसतात."

तिनं माझं तोंड निरखलं. जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं बघून भाव करत आलेली बाई ती. माझं खोटं तिला कळायला काय वेळ लागणार!

"बोलला असता," ती म्हणाली.